दोन केळी, एक स्क्रीनशॉट आणि ‘नेटकऱ्यांचा संताप’ : तक्रार कोणाची, बातमी कोणाची?

जुलै २०१९ मधील गोष्ट. अभिनेता राहुल बोस चंदीगडच्या जे. डब्ल्यू. मॅरियट हॉटेलात मुक्कामी होता. व्यायाम करताना त्याने दोन केळी मागवली. केळी आली आणि सोबत बिल आले ४४२ रुपये ५० पैशांचे. केळ्यांना बिलावर ‘फ्रूट प्लॅटर’ असे भारदस्त नाव होते. मूळ दर ३७५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्याने हसत हसत एक छोटा व्हिडिओ करून ट्विटरवर टाकला. पुढच्या काही तासांत देशभरच्या वाहिन्यांवर केळीच केळी होती. चंदीगडच्या उत्पादन शुल्क व कर विभागाने चौकशी लावली. ताजी फळे करमुक्त असताना कर का लावला, असे विचारत हॉटेलला २५ हजार रुपये दंड केला. हॉटेल व्यावसायिकांची संघटना हॉटेलच्या बचावाला उतरली, त्याचीही बातमी झाली. इतर कंपन्यांनी केळीचे विनोद करून स्वतःच्या जाहिराती उरकून घेतल्या.

हे सगळे साधारण आठवडाभरात. तक्रार, चौकशी, दंड, खुलासा, विनोद.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ‘प्रलंबित’ दिसतो म्हणून समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेले तरुण हा लेख वाचत असतील. त्यांना हा आठवडा परीकथेसारखा वाटेल. राहुल बोसवर माझा राग नाही. त्याने चूक दाखवली आणि चूक खरी होती. प्रश्न वेगळा आहे. रोज लाखो लोकांना कुठे ना कुठे जादा बिल लागते, पार्सल फुटके येते, कॉल सेंटरवरून फोन कापला जातो. त्यातल्या नेमक्या कोणत्या तक्रारीची बातमी होते, आणि ती झाल्यावर किंमत कोण मोजतो?

बातमी शिजते कशी

आजच्या न्यूज वेबसाईटच्या डेस्कवर बसलेल्या मुलाला किंवा मुलीला दिवसाला ठरावीक संख्येने बातम्या द्याव्या लागतात, आणि त्यांवर किती क्लिक आले हे समोरच्या पडद्यावर दिसत असते. गावात जाऊन, पोलीस पाटलाला भेटून, एफआयआरची प्रत मिळवून बातमी करायला दोन दिवस आणि प्रवासखर्च लागतो. व्हायरल पोस्टची बातमी अर्ध्या तासात होते. फोटो तयार, ‘पुरावा’ म्हणून स्क्रीनशॉट तयार, खालच्या प्रतिक्रियांतून ‘नेटकरी संतापले’ हे शीर्षकही तयार. कंपनीने माफी मागितली की दुसरी बातमी. तक्रारदारच खोटा निघाला की तिसरी. एका पोस्टमधून तीन बातम्या निघतात आणि कोणाला खुर्चीतून उठावे लागत नाही.

दुसरे कारण वाचकाच्या ओळखीचे. घरी मागवलेल्या जेवणात एक पदार्थ कमी आला, ही गोष्ट जेवण मागवणाऱ्या प्रत्येकाला ‘हे माझ्यासोबतही झाले आहे’ अशी वाटते. बातमी वाचणारा, लिहिणारा आणि तक्रार करणारा असे तिघेही एकाच बाजूला, म्हणजे मागवणाऱ्याच्या बाजूला उभे असतात. पोहोचवणारा त्या चित्रात येतो तो बहुतेक वेळा आरोपी म्हणून.

तिसरी गोष्ट कंपन्यांची. मोठ्या कंपन्या सोशल मीडियावरच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला स्वतंत्र माणसे नेमतात. तिथे कोणाची पोस्ट किती लोकांपर्यंत जाईल हे पाहिले जाते. हेल्पलाईनवर तिकीट नंबर घेऊन बसलेला माणूस आणि लाखभर फॉलोअर असलेला माणूस यांची तक्रार एकच असली तरी रांग एक नसते. कॅनडाचा गायक डेव्ह कॅरोल याने हे फार आधी जगाला दाखवले. २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात सामान हाताळताना त्याची गिटार मोडली. कित्येक महिने तो या खिडकीतून त्या खिडकीत फिरला आणि शेवटी त्याला नकारच मिळाला. जुलै २००९ मध्ये त्याने त्यावर गाणे करून यूट्यूबवर टाकले, आणि महिनोन्‌महिने बंद असलेले दार काही दिवसांत उघडले. गिटार तीच होती आणि नुकसानही तेच. फक्त ऐकणारे वाढले होते.

चेन्नई विरुद्ध झोमॅटो : एका चॅटची गोष्ट

१८ ऑक्टोबर २०२१ चे प्रकरण मला या सगळ्या प्रकाराचा उत्तम नमुना वाटते. तामिळनाडूतल्या एका ग्राहकाच्या झोमॅटोवरील ऑर्डरमध्ये एक पदार्थ आला नाही. त्याने ॲपवरच्या चॅटमध्ये पैसे परत मागितले. कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितले की हॉटेलशी बोलताना भाषेची अडचण येते आहे. ग्राहक म्हणाला, तामिळनाडूत धंदा करता तर तमिळ जाणणारी माणसे ठेवा. त्यावर तिकडून उत्तर आले की हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे, त्यामुळे ती सगळ्यांना थोडीफार यायला हवी.

ग्राहकाने चॅटचे स्क्रीनशॉट ट्विटरवर टाकले. रात्र सरून सकाळ होईपर्यंत झोमॅटोवर बहिष्काराचा हॅशटॅग देशभर ट्रेंड होत होता. द्रमुकच्या खासदार कनिमोळी यांनी ग्राहकाला त्याच्या भाषेत सेवा देणे कंपन्यांना बंधनकारक करावे अशी मागणी केली. झोमॅटोने तमिळ आणि इंग्रजीत माफीपत्र काढले, कोइम्बतूरमध्ये तमिळ सेवाकेंद्र उभारत असल्याचे सांगितले आणि त्या प्रतिनिधीला कामावरून काढल्याचे जाहीर केले. काही तासांतच कंपनीचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी स्वतः ट्विट करून तिला परत कामावर घेतले. एका सेवाकेंद्रातल्या कर्मचाऱ्याच्या अज्ञानातून झालेली चूक राष्ट्रीय प्रश्न कसा होते, देशाने जरा सहनशील व्हावे, असा त्यांचा सूर होता. त्यावरून पुन्हा नवे वादळ.

यातला मूळ मुद्दा किरकोळ नव्हता. हिंदी ही राष्ट्रभाषा आहे असे आपल्या संविधानात कुठेही लिहिलेले नाही. कलम ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, आणि आठव्या अनुसूचीत तमिळ, मराठीसह २२ भाषा आहेत. संविधानाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही कधी कधी हा फरक चटकन सांगता येत नाही, हे शिबिरांमध्ये पाहिले आहे. म्हणजे एका न आलेल्या पदार्थाच्या निमित्ताने देशाने एक खरा प्रश्न चर्चेला घेतला. व्हायरल होणे नेहमीच पोकळ असते असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही.

पण चर्चा सुरू असताना त्या प्रतिनिधीचे काय झाले ते पाहा. तिला नेमणाऱ्यांनी ‘तमिळ येत नसेल तर काय करायचे’ हे शिकवले नव्हते. तामिळनाडूत इतका मोठा धंदा असताना तमिळ जाणणारी पुरेशी माणसे न ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता. तरी संताप शांत करायला कंपनीने पहिली तीच पुढे केली. एका दिवसात तिची नोकरी गेली आणि परत आली. दोन्ही निर्णय ट्विटरचा वारा बघून झाले. तिची बाजू कोणी ऐकली, चौकशी कोणी केली, याचा पत्ता माफीपत्रात नव्हता. मालकाच्या मर्जीने गेलेली आणि मालकाच्या मर्जीने परत आलेली नोकरी, याला आपण न्याय म्हणायचे का?

रेटिंग ४.७५ नसते तर?

त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत याहून गंभीर प्रकार घडला होता. एका तरुणीने नाकातून रक्त येत असतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. ऑर्डर उशिरा आली, त्यावरून वाद झाला आणि डिलिव्हरी करणाऱ्याने मारले, असा तिचा आरोप होता. देश हळहळला. डिलिव्हरी करणाऱ्याला अटक झाली, कंपनीने त्याला कामावरून तात्पुरते बाजूला केले. मग जामिनावर सुटलेल्या त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर रडत आपली बाजू सांगितली. वाहतूक कोंडीमुळे उशीर झाला, मी माफी मागितली, पैसे देण्यावरून वाद झाला, मलाच शिवीगाळ आणि मारहाण झाली, झटापटीत तिच्याच अंगठीचा तिच्या नाकाला मार बसला, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्याच्या तक्रारीवरून त्या तरुणीवरही गुन्हा नोंदला गेला. आदल्या दिवशी त्याला शिव्या देणारे दुसऱ्या दिवशी तिला शिव्या देऊ लागले, आणि तेही तितकेच वाईट होते.

खरे काय घडले ते ठरवणे न्यायालयाचे काम. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट खटकली. गोयल यांनी निवेदनात सांगितले की या माणसाने ५ हजार डिलिव्हरी केल्या आहेत आणि त्याचे रेटिंग ५ पैकी ४.७५ आहे, म्हणजे सर्वोत्तमांपैकी एक. लोकांना तो खरा वाटू लागला त्यात या आकड्याचा मोठा हात होता. म्हणजे निर्दोष ठरण्यासाठी गरिबाकडे चारित्र्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला ग्राहकांनीच दिलेला असतो. रेटिंग ३.९ असते तर? पावसात दोन वेळा उशीर झाल्याने ते खाली आलेले असते तर?

निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी ७७ लाख गिग कामगार माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. पुणे, नागपूर, मुंबई, औरंगाबादच्या आपल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी उभ्या असलेल्या बाईकवरच्या बॅगा मोजा. यातली किती मुले आपली आहेत ते सांगायला अहवालाची गरज नाही.

तक्रारीच्या वेषातला विटाळ

काही तक्रारी सेवेच्या नसतातच. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि ते अभिमानाने ट्विट केले. कंपनीने अन्नाला धर्म नसतो अशा अर्थाचे उत्तर दिले, पैसे परत दिले नाहीत, आणि तिचे कौतुकही झाले. जून २०२२ मध्ये लखनौमध्ये एका दलित डिलिव्हरी कामगाराने तक्रार दिली की नाव विचारून, जात कळल्यावर ग्राहकाने अन्न घ्यायला नकार दिला आणि मारहाण झाली. पोलिसांनी ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. समोरच्या बाजूने मात्र वाद पान मसाला थुंकण्यावरून झाल्याचे सांगितले. या बातमीचे आयुष्य किती होते ते आठवून बघा. केळीपेक्षा कमी.

मग १९ मार्च २०२४ आला. झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ ग्राहकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. हिरवा गणवेश, हिरवी बॅग. शाकाहारी ग्राहकांच्या तक्रारी आणि सूचना आल्या म्हणून हे करत आहोत, असे कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे तक्रारींच्या ढिगातून एका गटाची शुद्धतेची अपेक्षा वर आली आणि तिला थेट गणवेश मिळाला. उद्या सोसायटीच्या गेटवर लाल शर्टवाल्याला अडवले तर, हा प्रश्न समाजमाध्यमांवर तातडीने विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांत बहुजन तरुण आघाडीवर होते. दुसऱ्याच दिवशी गोयल यांनी हिरवा गणवेश मागे घेतला. सगळे लालच घालतील, लाल गणवेशातल्या कामगारांना मांसाहाराशी जोडून सोसायट्यांनी अडवू नये, हे कारण त्यांनीच दिले. वेगळ्या ताफ्याची व्यवस्था मात्र ठेवली, फक्त ती डोळ्यांना दिसणार नाही अशी केली.

इथे दबावाने काम झाले हे मान्य केले पाहिजे. कितपत झाले, हेही पाहिले पाहिजे.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ती राज्यभर ‘बातमी’ होईपर्यंत कित्येक आठवडे गेले, तेही कार्यकर्त्यांनी सत्यशोधन करून, फोटो आणि पत्रके फिरवून, रस्त्यावर उतरून. केळीच्या बिलाची आणि त्या हत्याकांडाची तुलना होऊ शकत नाही, करूही नये. पण कोणत्या दुःखाला किती वेळात जागा मिळते हे ठरवणारी यंत्रणा तीच आहे. फक्त छापखान्याच्या जागी अल्गोरिदम आला.

१०,६४४ तक्रारी आणि एक फोटो

६ ऑक्टोबर २०२४ ला विनोदकार कुणाल कामराने ओला इलेक्ट्रिकच्या धूळ खात उभ्या असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला आणि ग्राहकांचा आवाज कोणी ऐकतो का, असे विचारले. कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी ही पैसे घेऊन केलेली पोस्ट आहे असा टोला मारला, या आणि आमच्या सेवाकेंद्रात काम करा असे सुनावले. मालक आणि विनोदकाराचे भांडण, मग काय, दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात कंपनीचा समभाग घसरला.

त्याच दरम्यान केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. त्या नोटिशीमागे एक आकडा होता. १ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर या कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. कामराच्या फोटोमुळेच नोटीस निघाली असे म्हणता येणार नाही. पण क्रम लक्षात घ्या. दहा हजारांहून जास्त लोक वर्षभर लेखी सांगत होते तेव्हा ती बातमी नव्हती. दोन नावाजलेले लोक भांडले तेव्हा ती झाली. आणि उलट बाजूही तितकीच खरी. फोटोने चर्चा झाली, पण सरकारी नोटिशीत लिहायला फोटो पुरला नसता. तिथे नोंदवलेल्या तक्रारींचा आकडाच कामाला आला.

आपली मुले इथे कमी पडतात, असे माझे मत आहे. पोस्ट टाकतात, टॅग करतात, दोन दिवस भांडतात आणि मग विषय बदलतो. १९१५ हा हेल्पलाईन क्रमांक किती जणांच्या फोनमध्ये आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ऑनलाईन दाखल करण्याची सोय आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत जातात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. कोचिंग क्लासने फी परत न देणे, जुना मोबाईल नवा म्हणून विकणे, अशा तक्रारींसाठी तो रस्ता पोस्टपेक्षा हळू असला तरी त्यावर नोंद राहते.

पोस्ट टाकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जून २०२४ मध्ये नोएडातल्या एका महिलेने आइस्क्रीमच्या डब्यात गोम निघाल्याचा फोटो टाकला. अमूल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तक्रारदार बाजू न्यायालयात आली नाही, डबाही तपासणीला दिला गेला नाही, आणि जुलैमध्ये न्यायालयाने ती पोस्ट काढण्याचा आदेश दिला. बिल, डबा, तारीख, मूळ फोटो हे सगळे जपून ठेवले नसेल तर खरी तक्रारही उलटू शकते.

पण हा सगळा कायदा ग्राहकासाठी आहे. पोहोचवणारा ग्राहक नाही, आणि कंपनी त्याला कामगारही म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. त्याच्यावर खोटी तक्रार झाली तर त्याने जायचे कुठे? राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे विषय असतात आणि असलेच पाहिजेत. ही १४ दिवसांची नोटीस मात्र मला अजून एकाही मागणीपत्रात दिसली नाही.

माझ्या ओळखीचा एक मुलगा पुण्यात डिलिव्हरी करतो, बी.ए. झालेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाने ‘पार्सल मिळालेच नाही’ अशी तक्रार केली आणि त्याचा आयडी बंद झाला. त्याने पार्सल दारात दिल्याचा फोटो काढला होता, पण तो ॲपमध्येच होता आणि आयडी बंद झाल्यावर ॲप उघडत नव्हते. नऊ दिवसांनी आयडी आपोआप सुरू झाला. का बंद केला आणि का सुरू केला, हे त्याला कोणी सांगितले नाही. तू याविषयी काही लिहिलेस का, पोस्ट केलीस का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “दादा, कोणाला टॅग करू? माझे फॉलोअर एकशे बारा. त्यातले निम्मे माझ्यासारखेच बाईकवर आहेत.”